जुन्या स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन बुश बदलताना: ठाणे-नवी मुंबईतल्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २००६ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे, पहिल्या पिढीची, ई८५ चासीची. मी ठाण्यात राहतो. गाडी रोज ऑफिसला जात नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा नक्की बाहेर निघते. तिचे मागचे बुश मी दोनदा बदलून झालेत, पुढचे एकदा. मधल्या काळात मित्रांच्या ऑडी टीटी, बॉक्सस्टर, एसएलके यांच्याखालीही बरेच तास आडवा झालोय. लोक फोन करून जे प्रश्न विचारतात, तेच इथे एका जागी घेतले आहेत. उदाहरणं माझ्या गाडीची आहेत. टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे आणि बोल्ट सोडण्याचा क्रम मात्र तुमच्याच मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा उचलू नका.

बुश म्हणजे नेमकं काय?

एकात एक अशा दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्या मध्ये रबर. बाहेरची नळी आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांडीच्या, भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये चिमटली जाते. रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटलेलं असतं.

दाराच्या बिजागरीसारखा आर्म बोल्टभोवती फिरतो असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. बोल्ट आवळल्यावर आतली नळी तसूभरही हलत नाही. चाक वर-खाली झालं की मधलं रबर पिळलं जातं, चाक जागेवर आलं की पीळ सुटतो. इतकंच. पण हे नीट समजलं की बुशच्या कामातल्या निम्म्या चुका आपोआप टळतात, म्हणून पुढे मी पुन्हा पुन्हा याच गोष्टीकडे येणार आहे.

काही बुश भरीव नसतात, रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला कडक, असं वागणं कंपनीला हवं असतं. अशा बुशवर खूण असते आणि ती आर्मवरच्या खुणेशी जुळवूनच बसवावी लागते. काहींच्या आत द्रव भरलेला असतो. त्यातून काळपट ओघळ दिसला की बुश संपला, बाहेरून रबर कितीही धडधाकट दिसू दे.

माझ्या गाडीचा बुश गेलाय हे कसं ओळखायचं?

आधी गाडी चालवताना काय होतंय ते बघा. पुढच्या लोअर आर्मचा मागचा बुश सैल झाला की ८०-१०० च्या वेगात ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरतं. लोक डिस्क वाकडी झाली म्हणून डिस्क बदलून टाकतात आणि थरथर तशीच राहते. दुसरी खूण म्हणजे सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सारखं सावरावं लागतं.

मागच्या ट्रेलिंग आर्मचा (मागच्या चाकाला पुढून धरणाऱ्या लांबट आर्मचा) बुश गेला तर त्रास वेगळा असतो आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो. लेन बदलताना गाडीचं पुढचं तोंड वळतं आणि मागचा भाग क्षणभर उशिरा मागे येतो. सायन-पनवेल हायवेवर पावसात मी हे पहिल्यांदा अनुभवलं. वेग साठ-सत्तरच असेल, पण मागून कुणीतरी गाडीला बोटाने ढकलल्यासारखं वाटलं. टायर घसरले असं समजून मी नवे टायर घातले. सहा महिन्यांत त्यांची आतली कड गुळगुळीत झाली, बाहेरची जशीच्या तशी. तेव्हा कुठे गाडीच्या खाली बघायची बुद्धी झाली.

घरच्या घरी करायची एक साधी तपासणी. मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी हळू रिव्हर्स घ्या आणि ब्रेक दाबा. मग पुढे घ्या, पुन्हा ब्रेक दाबा. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला "धप" असा एकच आवाज आला, तर पुढे-मागे सरकणारा कुठला तरी सांधा सैल आहे.

मग गाडी स्टँडवर घ्या आणि टॉर्च लावून बघा. वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नका, वीस वर्षांच्या रबरावर त्या असणारच. बघायचं असतं ते रबर नळीपासून सुटलंय का. माझ्या मागच्या उजव्या बुशमध्ये रबराची कड नखाने उचलली तर ओठ उघडावा तशी उघडली, आणि आत लोखंड घासून चंद्रकोरीएवढं चकचकीत झालेलं दिसलं. त्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सहज गेलं. ही शंभर टक्के खूण. फट दिसत नसेल तर आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकासा रेटा द्या. आर्म दबून परत आला तर ठीक, टक्कन सरकला तर गेला. रेटा हलकाच द्यायचा. ताकद लावली तर नवाकोरा बुशही हलतो, आणि पुष्कळदा गिऱ्हाइकाला "बघा, हलतोय" असं याच युक्तीने दाखवलं जातं.

खड्ड्यांतून खड-खड येते. बुशच असेल ना?

बहुधा नाही. पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना येणारा बारीक खड-खड आवाज आधी स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या आडव्या बारच्या) लिंक रॉडचा असतो, मग शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा. फाटलेला बुश बहुतेक वेळा जड आणि एकेरी आवाज करतो, किंवा अजिबात करत नाही. माझे फाटलेले बुश मुके होते. लिंक रॉड स्वस्त आहे, सोपा आहे, तो आधी बघा.

घोडबंदर रोडमुळे बुश लवकर जातात का?

खड्डे मारतात हे खरं. गायमुखच्या चढावर किंवा पावसाळ्यात माजिवड्याच्या पुलाखाली चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा आर्मला मागे ढकलणारा जो हिसका बसतो, तो सगळा बुशनेच सोसायचा असतो. पण आपल्याकडच्या जुन्या स्पोर्ट्स कार वर्षाला फार तर तीन-चार हजार किलोमीटर चालतात. त्यांचे बुश खड्ड्यांपेक्षा वयाने जास्त मरतात. उष्णता आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात, भेगा पाडतात. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी असली तरी हे चालूच राहतं.

आणि एक नुकसान आपण पैसे देऊन करून घेतो. सर्व्हिसिंगनंतर गाडीच्या खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून सगळं काळंभोर चकचकीत करून देतात ना, ते ताबडतोब थांबवा. नैसर्गिक रबराला खनिज तेल चालत नाही. ते तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. इंजिनच्या सीलमधून ऑइल गळून बुशवर पडत असेल तर आधी ती गळती बंद करा, मगच नवा बुश घाला. खालचा भाग पाण्याने धुवायचा, साध्या शाम्पूने. खाडीकाठी राहणाऱ्यांनी, म्हणजे पाम बीच रोड, ऐरोली, कोलशेत या भागांतल्या मालकांनी, पावसाळ्यानंतर एकदा तरी गंजासाठी बोल्ट तपासून घ्यावेत. लोखंडी बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा आर्म यांच्यामध्ये खारट दमटपणा शिरला की दोन्ही एकमेकांना असे धरतात की नंतर करवतीशिवाय सुटत नाहीत.

एकच फाटलाय. एकच बदलू?

डावा-उजवा नेहमी जोडीने. एका बाजूला नवं कडक रबर आणि दुसऱ्या बाजूला जुनं सैल असेल तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. चारही चाकांचे सगळे बुश एकदम बदलायची गरज मात्र नसते. पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी मागच्या ट्रेलिंग आर्मचे, मग पुढच्या लोअर आर्मचे मागचे, मग बाकीचे. मागचं चाक स्वतःच्या मर्जीने वळायला लागलं तर स्टीअरिंगने ते सावरता येत नाही, म्हणून मागचे आधी.

रबर घालू की पॉलियुरेथेन?

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे: ठाण्या-नवी मुंबईत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या दर्जाचं रबर घाला. त्यामागची कारणं सांगतो.

पॉलियुरेथेनचा, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या 'पॉली'चा, बुश रबरासारखा पिळला जात नाही. तो आतल्या नळीवर प्रत्यक्ष फिरतो, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते ग्रीस वेळोवेळी नव्याने भरावं लागतं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात चिखलाचं पाणी ते ग्रीस धुऊन नेतं, आणि मग प्रत्येक स्पीडब्रेकरवर जुन्या पलंगासारखी कुरकुर सुरू होते. दुसरं म्हणजे पॉली कडक असतं. खड्ड्याचा जो हिसका रबर गिळायचं तो ब्रॅकेटकडे आणि बॉडीकडे जातो. वीस वर्षांच्या पत्र्याला हे सोसवतंच असं नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच फारसं कुणी सांगत नाही. काही सांधे एकाच दिशेने फिरत नाहीत. माझ्या गाडीचा ट्रेलिंग आर्म चाकाबरोबर वर जाताना थोडा आतही वळतो, कारण त्याला आडवे दोन आर्म धरून असतात. त्याच्या पुढच्या टोकाच्या बुशला पीळही सोसावा लागतो आणि तिरकं वाकणंही. रबर दोन्ही करतं. कडक पॉली वाकायला नकार देतं, सस्पेन्शन मध्येच अडखळतं आणि वळणावर मागचा टायर अचानक पकड सोडू शकतो. स्पोर्ट्स कारमध्ये जास्त पकड हवी म्हणून पॉली घालायचं आणि त्यानेच पकड घालवायची, असा उलटा परिणाम होतो.

पॉली चालतं कुठे? स्टॅबिलायझर बारच्या बुशला छान चालतं. ज्या आर्मची दोन्ही टोकं एकाच अक्षावर आहेत आणि हालचाल साध्या वर-खालीची आहे, तिथेही ठीक. गाडी ट्रॅकवर नेत असाल तर तो हिशेबच वेगळा. पॉवरफ्लेक्ससारख्या कंपन्या रस्त्यासाठी आणि रेससाठी वेगवेगळ्या कडकपणाचे बुश देतात. दिसायला छान म्हणून रेसचे काळे उचलून आणू नका.

मधला मार्गही आहे. काही गाड्यांना मायले एचडीसारखे जरा भक्कम बनावटीचे, पण रबराचेच बुश मिळतात. माझ्या पुढच्या आर्मला मी तेच घातलेत. स्टीअरिंग ताठ झालं, आवाज वाढला नाही.

नुसता बुश बदलू की पूर्ण आर्म घेऊ?

आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट (चाकाच्या बाजूचा, सगळीकडे वळणारा गोल सांधा) कायमचा जोडलेला असेल आणि तोही सैल असेल तर पूर्ण आर्मच घ्या, मजुरी एकदाच पडते. बॉल जॉइंट घट्ट असेल, आर्म सरळ असेल, तर नुसता बुश पुरे. अॅल्युमिनियमचा आर्म खड्ड्यात वाकला असल्याचा संशय आला तर तो सरळ करून घेऊ नका. ठोकून सरळ केलेलं अॅल्युमिनियम आतून तडकलेलं असू शकतं.

पार्ट कुठून घ्यायचे?

चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि तो नंबर घेऊनच दुकानात जा. "झेड४चा बुश द्या" म्हणालात तर जवळपासच्या मापाचा काहीतरी हातात पडेल. बीएमडब्ल्यूच्या सस्पेन्शनमध्ये लेमफोर्डर हे नाव विश्वासाचं. पण नाव छापलेला खोका म्हणजे आत तेच असेल, असं धरून चालू नका. एकदा मला अर्ध्या किमतीत मिळालेल्या जोडीत रबरावर साच्याची शिवण उठून आली होती आणि आतल्या नळीच्या दोन्ही कडा गुळगुळीत होत्या. अस्सल बुशच्या त्या कडांवर बारीक दाते असतात, ब्रॅकेटला चावून बसण्यासाठी. ती जोडी मी वापरली नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने आर्म, सबफ्रेम, ब्रॅकेट मिळतात आणि कधीकधी ते उपयोगाचे असतात. जुने बुश मात्र तिथून कधीच घेऊ नका. ज्या कारणाने तुमचे गेले त्याच कारणाने तेही गेलेले असतात.

"बोल्ट हवेत आवळू नका" असं सगळे म्हणतात. म्हणजे काय?

अख्ख्या कामातली हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, म्हणून सावकाश सांगतो.

गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लटकलेली आहेत. आर्म चाळीस सेंटिमीटर लांब आहे असं धरा आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा आठ सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे आर्म साधारण साडेअकरा अंशांनी खाली झुकलेला आहे. याच अवस्थेत मेकॅनिकने बोल्ट पूर्ण आवळला. आतली नळी तिथेच चिमटली गेली. आता गाडी जमिनीवर आली, आर्म सरळ झाला आणि रबर साडेअकरा अंश पिळलं गेलं. गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी आहे, तरी रबर पिळलेलंच. रात्री तुम्ही झोपलेले असता तेव्हाही ते पिळलेलं असतं. त्यात खड्डा आला की आणखी सात-आठ अंशांची भर. दोन्ही बाजूंना सारखी हालचाल करण्यासाठी बनवलेलं रबर सतत एकाच बाजूला ताणलेलं राहतं आणि नळीपासून सुटतं.

मी पहिल्यांदा हे काम एका गॅरेजला दिलं होतं. अस्सल पार्ट स्वतः नेऊन दिले, पैसे पूर्ण दिले. अकरा महिन्यांत दोन्ही बुश फाटले. मला सांगितलं गेलं की पार्ट डुप्लिकेट होता. जुना बुश हातात घेऊन बघितला तर रबर एकाच दिशेने तिरकं फाटलेलं होतं, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. दोष पार्टचा नव्हता, तो आवळण्याचा होता. त्या दिवसापासून हे काम चालू असताना मी स्वतः तिथे उभा राहतो.

करायचं ते असं. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजा. मी मडगार्डवर मास्किंग टेप लावून पेन्सिलने आकडा लिहून ठेवतो. आर्म बसवताना बोल्ट फक्त हाताने टेकवा. मग आर्मखाली किंवा हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत चाक उचला आणि तेव्हा टॉर्क रेंचने आवळा. पिट असेल किंवा चाकांवर उभी राहणारी चार खांबांची लिफ्ट असेल तर आणखी सोपं, गाडी स्वतःच्याच वजनावर असते. जॅकने उचलताना एक भान ठेवा: गाडी हलकी असेल तर अंतर पूर्ण होण्याआधीच बॉडी स्टँडवरून उचलली जाते. तसं होतंय असं वाटलं की लगेच थांबा आणि चाकांखाली जाड लाकडी फळ्या देऊन काम करा.

माझ्या गाडीच्या मागच्या ट्रेलिंग आर्मला याहून वेगळा प्रकार आहे. ब्रॅकेट बॉडीला बसवल्यावर बुशच्या बोल्टपर्यंत पाना धड पोचत नाही. म्हणून ब्रॅकेटचा आर्मशी असलेला कोन आधी ठरवून, बोल्ट आवळून, मग ब्रॅकेट वर चढवायचं. त्यासाठी बीएमडब्ल्यूचं खास हत्यार येतं. माझ्याकडे ते नव्हतं. जुना बुश काढण्याआधी, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना, मी ब्रॅकेट आणि आर्ममधला कोन जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापून घेतला आणि नवा बुश त्याच पुठ्ठ्याला जुळवून आवळला. त्याला आता तीन वर्षं झाली. गेल्याच महिन्यात खाली जाऊन बघितलं, रबराची कड सगळीकडून चिकटलेली आहे.

पुढच्या बुशची आणखी एक अट आहे. आर्मचं षटकोनी टोक त्या बुशमध्ये दाबून बसवतात आणि ते सरकावं म्हणून साबणाचं पाणी लावतात. ते पाणी सुकलं की रबर आर्मला कायमचं धरतं. म्हणून आर्म दाबल्यावर अर्ध्या तासाच्या आत गाडी चाकांवर उभी राहिली पाहिजे. बाकी सगळी तयारी आधी करून ठेवा, जेवणाची सुट्टी नंतर घ्या. साबणाच्या जागी ग्रीस किंवा ऑइल अजिबात लावू नका. ते सुकत नाही, आणि रबर खातं ते वेगळंच.

पॉलीला ही अट लागू आहे का?

फिरणाऱ्या पॉली बुशला नाही, कारण तो पिळलाच जात नाही. पण त्याच आर्मच्या दुसऱ्या टोकाला रबर असेल तर त्या टोकाला अट आहेच.

गॅरेजमध्ये हे सांगायचं कसं? ऐकतील का?

चिडून सांगितलं तर नाही ऐकणार. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी मित्राची टीटी घेऊन गेलो होतो. फोरमन माझ्याहून वयाने मोठे, तीस वर्षं हेच काम करणारे. मी म्हटलं, "दादा, शेवटचा टॉर्क गाडी खाली घेऊन मारूया." ते म्हणाले, "खाली घेतल्यावर माझा हात कुठून जाणार?" त्यांचं बरोबर होतं, त्या दोन खांबांच्या लिफ्टवर ते शक्यच नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून उभा जॅक हबखाली लावला, मी टेप धरली, ते आवळत गेले. दुसऱ्या चाकाला टेप त्यांनीच मागून घेतली. सांगताना कारण सांगा, मोजलेला आकडा हातात ठेवा आणि वाढलेल्या वेळेचे पैसे द्यायची तयारी ठेवा. त्या एका तासाची मजुरी वाचवायला गेलात तर पुढच्या वर्षी अख्खं काम पुन्हा करावं लागेल.

जुना बुश आर्ममधून निघतच नाही. जाळून काढू?

नको. जळत्या रबराचा धूर विषारी असतो आणि उष्णतेने अॅल्युमिनियमच्या आर्मचा कस जातो. लोखंडी आर्म असला तरी जवळच्या बॉल जॉइंटचं रबर वितळतं.

हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्या. बाहेरच्या नळीवर बरोबर टेकेल अशा मापाचा तुकडा तो देतो आणि आर्म खालून टेकवून दाबतो. वागळेतल्या ज्या काकांकडे मी जातो ते म्हणाले होते, "ठोकायचं नाही. ठोकलं की भोक अंड्यासारखं होतं, मग कुठलाच बुश धरत नाही." अगदीच अडला तर रबर कापून आतली नळी काढायची आणि बाहेरच्या नळीला आतून हॅक्सॉ ब्लेडने एक उभी चीर द्यायची. नळी स्वतःहून आकसते. चीर आर्मच्या धातूपर्यंत जाऊ द्यायची नाही, म्हणून शेवटची चार-पाच घासणी अगदी हलक्या हाताने. नवा बुश आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवला तर बाहेरची नळी किंचित आकसते आणि प्रेसला सोपं जातं. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करता येईल?

ट्रेलिंग आर्मचे बुश मी आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन रविवारी केलेत. जमीन सपाट आणि काँक्रीटची होती म्हणून जमलं. टाइल्स किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड ठेवा. उतारावर करूच नका. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. दोन स्टँड, शिवाय काढलेली चाकं सिलखाली (दाराखालच्या बॉडीच्या कडेखाली) आडवी सरकवून ठेवायची.

मागच्या ज्या आर्मवर स्प्रिंग बसलेली असते तो सोडताना खाली जॅक असलाच पाहिजे आणि तो इंच-इंचानेच उतरवायचा. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. ब्रेकचा होज, एबीएसची वायर, आणि झेनॉन दिवे असलेल्या गाड्यांत उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी, हे आर्म खाली झुकवण्याआधी मोकळं करा. ब्रॅकेट काढण्याआधी त्याच्या कडेने बॉडीवर टोकदार खिळ्याने रेघ मारा. त्या ब्रॅकेटच्या जागेवरच चाकाचा टो, म्हणजे वरून बघताना चाक किती आत-बाहेर वळलेलं आहे ते, ठरतो. रेघ असेल तर निदान अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ जाते. आणि सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा, काम संपल्यावर जमीन पुसून द्या, पुढच्या वेळी परवानगी सहज मिळते.

मॅन्युअलमध्ये "नवा बोल्ट" लिहिलंय. जुना चालणार नाही?

टॉर्क मारून वर ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तसे ताण धरत नाहीत. मॅन्युअल म्हणतंय तर नवेच घ्या. नायलॉनवाले नटही दर वेळी नवेच.

अलाइनमेंट लगेच करायलाच हवी का?

त्याच दिवशी. बुश बदलल्यावर टो बदलणारच. एक अंश टो चुकला तर टायर दर किलोमीटरला सतरा मीटरहून जास्त आडवा घासला जातो. एक अंशाचा सहावा भाग, म्हणजे १० मिनिटं, मशिनच्या पडद्यावर क्षुल्लक दिसतो, पण त्याचेही किलोमीटरला जवळजवळ तीन मीटर होतात. स्पोर्ट्स कारचे रुंद मऊ टायर त्यात किती टिकणार?

"फ्रंट टो केला" एवढ्यावर समाधान मानू नका. चारही चाकांचं अलाइनमेंट हवं, आणि आधी मागचं, मग पुढचं. मागची चाकं तिरकी असतील आणि पुढची त्यांना जुळवली तर स्टीअरिंग वाकडं ठेवूनच गाडी सरळ चालते. काही कंपन्या अलाइनमेंटच्या वेळी सीटवर माणसांइतकं वजन आणि पूर्ण भरलेली टाकी सांगतात, बीएमडब्ल्यू त्यांतलीच. मी तांदळाच्या पंचवीस किलोच्या गोणी नेतो, प्रत्येक सीटवर अडीच गोणींच्या आसपास. अलाइनमेंटवाल्याने पहिल्यांदा आश्चर्याने बघितलं. गोणी ठेवल्यावर मागच्या चाकाचा कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेरचा कल) पडद्यावर बदलताना त्यानेही बघितला, आता तो स्वतःच आठवण करतो. छापील रिपोर्ट आधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागून घ्या आणि गाडीच्या फाइलला लावा.

आरटीओला कळवावं लागतं का?

नाही. जुन्या भागाच्या जागी तसाच भाग घालणं म्हणजे दुरुस्ती, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल नव्हे. पण १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. एमएच-०४ असो की एमएच-४३, त्या तारखेच्या दोन-तीन महिने आधी बुशचं काम उरकलेलं बरं.

नवे बुश घातल्यावर गाडी कडक वाटते. काही चुकलं का?

बहुधा नाही. सैलपणाची सवय झालेली असते, म्हणून घट्टपणा कडक वाटतो. दोन-तीनशे किलोमीटरमध्ये हाताला ओळख पटते. मात्र गाडी आधीपेक्षा उंच उभी दिसत असेल तर टेप काढा आणि मडगार्डची मापं पुन्हा घ्या. सेंटिमीटरभरही वाढ असेल तर कुठला तरी बोल्ट हवेत आवळला गेलाय आणि पिळलेलं रबरच गाडीला वर धरून आहे. अशा वेळी तेच बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी असताना दोनदा दाबून सोडा आणि पुन्हा आवळा. पहिल्या आठवड्यात हे केलं तर बुश वाचतो.

पुन्हा कधी तपासायचं?

पाचशे किलोमीटरवर टॉर्क एकदा बघून घ्या, चाकं जमिनीवर ठेवूनच. मग दर वर्षी गणपतीच्या आसपास, पावसाचा जोर ओसरला की, टॉर्च आणि व्हिजिटिंग कार्ड घेऊन खाली जा.